आपल्या रानाचा पुराचा आकडा : पंचगंगा-कृष्णाकाठच्या शेतकऱ्यांसाठी

जुलै उजाडला की कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांत सकाळी पहिला प्रश्न असतो, "राजारामला किती फूट?" किंवा "आयर्विनला किती?" राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. हे आकडे नदीकाठच्या पोरांनाही पाठ असतात. पण हे आकडे शहराचे आहेत. आपल्या गटात पाणी कधी शिरते, हे त्यातून कळत नाही. एखाद्या रानात राजारामला ४१ फूट असतानाच पाणी येते, तर त्याच गावातले दुसरे रान ५२ फुटांपर्यंत कोरडे राहते. पिकाचे नियोजन करायचे तर आपल्या रानाचा स्वतःचा आकडा माहीत हवा. तो कसा काढायचा आणि काढल्यावर पीक कसे ठरवायचे, हे या लेखात पाहू. उदाहरण मुख्यतः शिरोळ, हातकणंगले, करवीर आणि कृष्णाकाठचे घेतले असले, तरी पद्धत कोणत्याही नदीकाठाला लागू पडते.

पाणी येते कुठून आणि थांबते का

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्या घाटमाथ्यावरचे पाणी घेऊन येतात आणि प्रयाग चिखलीजवळ त्यांची पंचगंगा होते. तिथून नृसिंहवाडीपर्यंत साधारण ८० किलोमीटर. या टप्प्यात नदीला उतार फार कमी आणि वळणे फार. राधानगरी, गगनबावड्याकडे कोसळलेले पाणी वेगाने खाली येते आणि करवीरपासून पुढे सपाटीवर पसरते.

शेवटच्या टप्प्यात आणखी एक अडचण आहे. कृष्णा कऱ्हाडला कोयनेला घेऊन येते, सांगलीजवळ हरिपूरला वारणा तिला मिळते आणि नृसिंहवाडीला पंचगंगा. कृष्णा तुडुंब असेल तर पंचगंगेच्या पाण्याला पुढे जागाच मिळत नाही. पाणी मागे दाटते, फुगवटा चढतो. म्हणून शिरोळ तालुक्यात कधी कधी पाऊस उघडून, ऊन पडूनही पाणी वाढत राहते. बाहेरून आलेल्या माणसाला याचे नवल वाटते, कुरुंदवाडकराला वाटत नाही.

धरणांचा भाग समजून घेताना एक हिशेब उपयोगी पडतो. सुमारे ११,५०० क्युसेकचा विसर्ग पूर्ण दिवसभर चालला की १ टीएमसी पाणी खाली येते. राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरले की ते आपोआप उघडतात आणि एका दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी पडते. सातही उघडले तर सुमारे १० हजार क्युसेक, म्हणजे दिवसाला टीएमसीपेक्षा थोडे कमी. यावरून "सात दरवाजे उघडले" या बातमीचे वजन किती धरायचे ते ठरवता येते. धरणांच्या खालच्या मोकळ्या पाणलोटातही मोठा पाऊस पडतो. तो अडवायला कोणतेही धरण नसते. त्यामुळे "दरवाजे बंद आहेत, मग काळजी नाही" हा हिशेब चुकतो.

अलमट्टीचा विषय निघाल्याशिवाय आपल्याकडे पुराची चर्चा पूर्ण होत नाही. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने अलमट्टीला मुख्य कारण मानले नाही. तिने अतिवृष्टी आणि पूरक्षेत्रातील अतिक्रमणे यांवर बोट ठेवले. अनेक शेतकऱ्यांना हे पटलेले नाही आणि धरणाची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर करण्याच्या कर्नाटकच्या मागणीमुळे ही काळजी वाढलीच आहे. हा वाद दोन राज्यांच्या पातळीवर लढला पाहिजे. पण आपल्या रानात आडसाली लावायची की नाही, हा निर्णय तो वाद सुटेपर्यंत थांबत नाही. पाणी कोणामुळे आले यापेक्षा ते किती वेळा आणि किती दिवस आले, यावर तो निर्णय अवलंबून आहे.

तीन पूर, तीन स्वभाव

२००५, २०१९ आणि २०२१ हे तीन पूर आपण एका दमात उच्चारतो. प्रत्यक्षात ते वेगवेगळे होते.

२००५ मध्ये आयर्विनला पाणी ५३ फुटांच्या पुढे गेले आणि राजारामला पन्नाशीच्या आसपास. अनेक गावांनी त्यालाच शेवटची रेघ मानले. घराचे जोते, गोठा, विहिरीवरची मोटारीची पेटी हे सारे "पाचच्या पुराच्या वर" घेतले गेले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती रेघ बुडाली. राजारामला ५५ फूट ७ इंच आणि आयर्विनला ५७ फुटांच्या वर पाणी होते. जुलैअखेरपासून पाऊस लागून राहिला, धरणे भरत आली होती, पाणी चढले आणि बरेच दिवस हलले नाही. दोनच वर्षांनी जुलै २०२१ मध्ये पूर आला तो अचानक. महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. राजारामला पाणी २०१९ च्याही वर, ५६ फुटांपलीकडे गेले. सांगलीत मात्र ते २०१९ पेक्षा दोन-तीन फुटांनी कमी राहिले.

यातून दोन गोष्टी ध्यानात घ्यायच्या. एक, कोल्हापूरचा मोठा पूर आणि सांगलीचा मोठा पूर एकच असतो असे नाही, कारण पाऊस कोणत्या खोऱ्यात पडला यावर ते ठरते. दोन, उंची आणि मुक्काम या वेगळ्या गोष्टी आहेत. पिकाच्या दृष्टीने मुक्काम जास्त महत्त्वाचा. शिरोळमधल्या क्षारपड, निचरा बिघडलेल्या रानांत नदी पात्रात परतल्यावरही आठवडाभर पाणी उभे असते. पूर ओसरला तरी रान ओसरत नाही.

इथे माझी एक चूक सांगतो. २०१९ नंतर पंचनाम्याच्या धामधुमीत शिरोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने मला विचारले होते, "साहेब, आता परत लावू का?" त्यांचे रान तेव्हा पूर्ण बुडालेले होते. "असा पूर पन्नास वर्षांतून एकदा येतो, लावा बिनधास्त," असे मी म्हणालो. त्यांनी २०२१ च्या जुलैच्या सुरुवातीला आडसाली लावली. कोंब वीतभर झाले आणि पाणी आले. बेणे, सरी, पहिला खत हप्ता, मजुरी, सारे गेले. मी जे बोललो ते कोणत्याही नोंदीवर आधारलेले नव्हते. मला फक्त तसे वाटत होते.

"पंचवीस वर्षांतून एकदा" याचा अर्थ

जलसंपदा विभागाच्या नकाशांवर निळी आणि लाल पूररेषा असते. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. हे शब्द फसवे आहेत. एकदा पूर आला की पुढची २४ वर्षे सुटका, असा त्याचा अर्थ नाही. निळ्या रेषेपर्यंत पाणी येण्याची शक्यता दरवर्षी ४ टक्के असते, आदल्या वर्षी पूर आला असो वा नसो. सलग दहा वर्षे धरली तर त्यांत एकदा तरी तिथे पाणी येण्याची शक्यता सुमारे ३४ टक्के, म्हणजे तीनात एक. लाल रेषेवर बांधलेल्या घराला तीस वर्षांत एकदा तरी पाणी लागण्याची शक्यता सुमारे २६ टक्के.

शिवाय या शक्यता जुन्या नोंदींवरून काढलेल्या असतात. नदीकाठी भराव झाले, ओढे बुजले, पुलांचे रस्ते उंच झाले की त्याच पाण्याची पातळी वाढते. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येऊन वाहतूक बंद पडते, त्या वेळी भरावाच्या दोन्ही बाजूंची पातळी पाहिलेल्या कोणालाही हे समजावून सांगावे लागत नाही.

पूररेषा घर, गोठा, गोदाम यांच्यासाठी जरूर पाहावी. पिकासाठी मात्र ती फार ढोबळ आहे, कारण निळ्या रेषेच्या आतही दरवर्षी बुडणारी मळी आणि वीस वर्षांत दोनदा बुडणारे माळाकडचे रान अशी दोन्ही प्रकारची जमीन असते.

आपल्या रानाचा आकडा कसा काढावा

आधी आपल्याला लागू पडणारी मापनाची जागा निवडा. पूरकाळात रोज राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ, नृसिंहवाडी, राजापूर या बंधाऱ्यांच्या पातळ्या प्रसिद्ध होतात. करवीरच्या शेतकऱ्याला राजाराम चालेल. कुरुंदवाड, राजापूर, खिद्रापूर या भागात राजारामवर विसंबू नये. तिथे कृष्णेचा फुगवटा असतो, म्हणून नृसिंहवाडी किंवा राजापूरची पातळी धरावी. कुरुंदवाड आणि अर्जुनवाड येथे केंद्रीय जल आयोगाचीही केंद्रे आहेत. कृष्णाकाठी सांगलीच्या वरच्या गावांना आयर्विन उपयोगी.

त्यानंतर मोजणी. पूर चढत असताना पाण्याची कड आपल्या बांधाला लागली की तारीख, वेळ आणि त्या वेळची जाहीर पातळी वहीत लिहा. हाच आपल्या रानाचा आकडा. पाणी पिकाच्या बुंध्याशी, कमरेएवढे आणि शेंड्यावर असे आले त्या वेळचेही आकडे मिळाले तर उत्तम, पण जीव धोक्यात घालून मोजायला जाऊ नये. २०१९ मध्ये ब्रह्मनाळला बोट उलटून काय झाले, ते आपण पाहिले आहे. घराच्या गच्चीवरून, विजेच्या खांबावर आधीच रंगाने मारलेल्या खुणा पाहूनही भागते. पाणी उतरताना पुन्हा नोंद करा. चढताना आणि उतरताना आकडा फूट-दीड फुटाने वेगळा येऊ शकतो. नियोजनाला चढतानाचा धरा, मुक्काम मोजायला उतरतानाचा.

पूर नसलेल्या वर्षीही हे काम होते. गावात २०१९ किंवा २०२१ ची खात्रीची खूण शोधा : देवळाची पायरी, शाळेची भिंत, घाट. पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी लेव्हल घेतात, तशी लेव्हल त्या खुणेपासून रानापर्यंत टप्प्याटप्प्याने नेता येते. खुणेपेक्षा रान चार फूट खाली निघाले आणि त्या पुरात पातळी ५६ होती, तर आपला आकडा साधारण ५२. अंतर एक-दीड किलोमीटरपेक्षा जास्त असेल तर हा हिशेब ढिला पडतो, कारण पुराच्या पाण्यालाही उतार असतो.

जुन्या वर्षांची माहिती जमवताना आठवणीवर एकट्या भिस्त ठेवू नका. माणसाला सर्वांत मोठा पूर आठवतो, मधले विसरतात, आणि पिकाचे नुकसान तर मधलेच पूर जास्त करतात. नृसिंहवाडीला दक्षिणद्वार सोहळा कोणत्या वर्षी आणि कितीदा झाला, हे गावात बऱ्याच जणांना सांगता येते. नदीचे पाणी देवळात उत्तर दाराने शिरून पादुकांवरून दक्षिण दाराने बाहेर पडते, तेव्हा त्या परिसरातली सखल रानेही पाण्यात असतात. पिढ्यान्‌पिढ्या जपलेली ती पातळीची नोंदच आहे. तलाठी कार्यालयातले पंचनामे, कारखान्याच्या गट कार्यालयातली बुडीत उसाची नोंद आणि घरातल्या फोनमधले तारीखवार फोटो हेही पाहावेत. कृषी सहायकांनी इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरचे पूरक्षेत्राचे नकाशे पाहावेत. रडार उपग्रह ढगांतून पाहू शकतो, त्यामुळे ऐन पावसातली पाण्याची व्याप्ती त्यात मिळते. उभ्या उंच उसाखालचे पाणी मात्र त्यात नीट दिसत नाही. म्हणून नकाशात कोरडे दिसले तरी शेतकऱ्याला विचारावे.

आता आकड्याचा उपयोग. समजा, आपला आकडा राजारामला ४६ फूट निघाला. २००५ ते २०२४ या वीस वर्षांत पातळी ४६ च्या वर किमान चार वर्षी गेली : २००५, २०१९, २०२१ आणि २०२४ (तेव्हा ती ४७ फुटांच्या वर होती). म्हणजे पाच वर्षांत एकदा. आकडा ५२ निघाला तर वीस वर्षांत दोनदा, आणि ते दोन्ही तीन वर्षांच्या आत. आकडा ४० च्या आसपास असेल तर मोजायची गरजच नाही. ती मळी आहे आणि पावसाळ्यात ती नदीचीच समजावी.

आकड्यावरून पीक

*जवळजवळ दरवर्षी बुडणारे रान.* इथे खरिपात भांडवल घालू नये. आपल्या आजोबांनी या मळ्या पावसाळ्यात मोकळ्या ठेवल्या आणि पाणी उतरल्यावर गाळावर शाळू, हरभरा, वांगी घेतली. कृष्णाकाठच्या वांग्यांचे नाव या गाळावरच झाले. उपसा सिंचन आले, उसाला हमखास गिऱ्हाईक मिळाले आणि मळीतही ऊस गेला. तो पूर्ण काढा असे म्हणणे व्यवहाराला धरून नाही. पण नवी लागण तरी तिथे करू नये. बांधालगत आणि काठाला संकरित नेपियरसारखे बहुवर्षीय चारा गवत ठेवावे. पुराने खरवडणारी माती ते धरते आणि पाणी उतरल्यावर पुन्हा फुटते.

*चार-सहा वर्षांतून एकदा बुडणारे रान.* इथे ऊस घ्यायला हरकत नाही, पण हंगाम बदलावा. सगळा खेळ शेंड्याचा आहे. शेंडा पाण्याबाहेर असेल तर ऊस आठ-दहा दिवस तग धरतो. कांड्यांवर मुळ्या फुटतात, वाढ थांबते, वजन घटते, पण पीक हाती राहते. शेंडा बुडून पोंग्यात गाळ बसला की तो आठवड्याच्या आत कुजू लागतो, मग बाजूचे डोळे फुटून पांगशा येतात आणि असा ऊस लवकर तोडावा लागतो. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या रानात जास्तीत जास्त उंच ऊस उभा असला पाहिजे. आडसालीची लागण नेमकी त्याच वेळी जमिनीलगत असते, म्हणून ती या रानात टाळावी. ऑक्टोबर-नोव्हेंबरची पूर्वहंगामी लागण पुढच्या पुराच्या वेळी आठ-नऊ महिन्यांची होते. लवकर तुटलेल्या उसाचा खोडवाही चांगला उंच होतो. जानेवारी-फेब्रुवारीची सुरू लागण या दोहोंच्या मागे राहते. जातींमध्ये, निचरा कमी आणि क्षार जास्त असलेल्या रानात को ८६०३२ पेक्षा फुले २६५ सरस ठरते, तरी बुडीतात टिकणारी जात म्हणून तिच्याकडे पाहू नये. शेंडा बुडाला तर तीही जाते.

सोयाबीन या पट्ट्यात जुगार आहे. जूनच्या मध्यावर पेरलेले पीक जुलैअखेर फुलोऱ्यात येते आणि दोन-तीन दिवस पाण्यात राहिले तरी मोठा फटका बसतो. भाताचे तसे नाही, तो फुटवे धरल्यावर काही दिवसांचे पाणी सोसतो. खाजण, सखल तुकड्यात भातच बरा.

*क्वचितच बुडणारे रान.* इथे पिकाला बंधन नाही. तरीही उसाचे बेणेमळे, रोपवाटिका, ठिबकचे नियंत्रण केंद्र आणि खताची साठवण गावातल्या अशाच रानात असावी. मोठ्या पुरानंतर सगळ्या गावाला निरोगी बेणे याच उंच रानांतून मिळते. बुडालेल्या उसाचे बेणे घेऊ नये, उगवण आणि रोग दोन्हींत ते फसवते.

एकाच शेतकऱ्याची खाली-वर अशी दोन राने असतील तर दोन्हींत एकच हंगाम लावू नये. हे सांगायला सोपे आहे. तोडणीची पाळी, कारखान्याची नोंद आणि पाण्याची पाळी यांत ते अडकते, याची मला कल्पना आहे. निदान आडसाली वर आणि पूर्वहंगामी खाली, एवढे तरी जमवावे.

पावसाळ्याआधी ठरवायचे आणखी आकडे

पिकाच्या आकड्याखेरीज तीन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत : नदीवरची मोटार कोणत्या पातळीला काढायची, जनावरे कोणत्या पातळीला हलवायची आणि रस्ता कोणत्या पातळीला बंद होतो. तिसरा आकडा सर्वांत आधी पाहावा. कित्येकदा गोठ्यात पाणी यायच्या आधी ओढ्यावरचा पूल बुडतो आणि जनावरे हलवायची वाटच राहत नाही. २०२१ मध्ये पाणी ज्या वेगाने चढले, तो धरून या आकड्यांत तीन-चार फुटांची सवड ठेवावी. मोटारीची पेटी खांबावर उंच बसवताना २००५ ची रेघ धरू नये.

पूर आलाच तर नुकसानीचा पंचनामा ३३ टक्के किंवा अधिक नुकसानीच्या निकषावर होतो. पाणी रानात असतानाचे आणि उतरल्यानंतरचे, बांध किंवा विहीर ओळखू येईल असे तारखेसह फोटो ठेवावेत. गट क्रमांक आणि पीक पाहणीतली नोंद जुळते का, हे पुराआधीच तपासावे. नोंदीत खोडवा आणि रानात लागण असेल तर भांडण तिथेच सुरू होते.

पाणी उतरल्यावर सर्वांत आधी चर काढून साचलेले पाणी बाहेर घालवावे. वाफसा येईपर्यंत रानात शिरू नये आणि खत टाकू नये. मुळ्या गुदमरलेल्या असतात, टाकलेले खत वाया जाते. वाफसा आल्यावर पिवळ्या पडलेल्या उसाला नत्राचा हप्ता द्यावा. शेंडा कुजलेला ऊस वेगळा मोजून कारखान्याच्या गट कार्यालयाला कळवावा. आणि वहीत त्या वर्षीचे तीन आकडे लिहावेत : पाणी शिरले ती पातळी, सर्वांत वरची पातळी आणि पाणी रानात राहिलेले दिवस.

वर सांगितलेल्या शेतकऱ्यांची वही मी गेल्या उन्हाळ्यात पाहिली. त्यांच्या नदीकडच्या दीड एकराचा आकडा त्यांनी बंधाऱ्याच्या पातळीवर बसवला आहे, मधल्या लहान पुरांसह. त्या तुकड्यात आता पूर्वहंगामी असते, वरच्या एकरात आडसाली. लागण कधी करायची हे ते आता मला विचारत नाहीत, बेणे कोणाकडे चांगले मिळेल तेवढे विचारतात.